पेटंटवरचं नाव

कोरल ड्रॉ म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडणुकीची पत्रकं, दुकानांच्या पाट्या, हे सगळं वर्षानुवर्षं त्या एका सॉफ्टवेअरवर निघत आलं आहे. त्याच्या आठव्या आवृत्तीच्या खोक्यावर एका स्त्रीचा चेहरा होता. आपल्याकडे खोकं विकत घेणारे मोजकेच, त्यामुळे तो फारसा कुणाच्या लक्षात नसेल. कंपनीच्या चित्रस्पर्धेत १९९६ साली पहिलं आलेलं ते चित्र हेडी लमार या जुन्या हॉलिवूड नटीचं होतं. ते छापण्याआधी तिला विचारावं, हे कुणाला सुचलं नाही. नटी हयात होती, फ्लोरिडात राहत होती. तिने दावा लावला आणि १९९८ साली, वयाची ८३ वर्षं उलटल्यावर, कंपनीला तडजोड करायला लावली.

याच सुमारास, १९९७ मध्ये, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने संदेशवहनाच्या क्षेत्रातल्या पायाभूत कामाबद्दल हेडी लमारचा गौरव केला. पुरस्कार तिच्या मुलाने स्वीकारला. संगणकाच्या जगाला तिचा असा दुहेरी उपयोग एकाच वेळी होत होता, आणि दोहोंतला कुठला जास्त लोकांपर्यंत पोचला असेल हे सांगायची गरज नाही.

आता तिची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आठ मार्च जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. जगातली सर्वांत सुंदर स्त्री. तिने वायफायचा शोध लावला, ब्लूटूथचा लावला, जीपीएसचाही लावला. पण इतकी सुंदर होती की तिच्या बुद्धीची कुणी दखल घेतली नाही. ऐकायला छान वाटतं. यातला शोधांचा भाग चुकीचा आहे आणि उपेक्षेचा भाग अर्धाच खरा. मला खटकतं ते वेगळंच. या गोष्टीत पेटंट कुठेही नाही. बेचाळीस साली ज्यांनी तिला हसण्यावारी नेलं त्यांनी तो कागद मनावर घेतला नव्हता, आणि आज तिची आरती ओवाळणारेही तो उघडून बघत नाहीत. दोघांचीही नजर जाते ती चेहऱ्याकडे.

कागद असा आहे. अमेरिकी पेटंट क्रमांक २२,९२,३८७. अर्ज १० जून १९४१ चा, मंजुरी ११ ऑगस्ट १९४२ ची. विषय, गुप्त संदेशवहन यंत्रणा. शोधक दोन: हेडी किस्लर मार्की आणि जॉर्ज अँटाइल. लमार हे नाव त्यावर नाहीच. ते स्टुडिओने दिलेलं, बार्बरा ला मार या १९२६ साली वारलेल्या मूकपटातल्या नटीवरून घेतलेलं. किस्लर हे माहेरचं आडनाव, मार्की हे दुसऱ्या नवऱ्याचं. आणि मंजुरी हातात पडेपर्यंत त्या नवऱ्याशी काडीमोडही झाला होता. पुढे वीस वर्षांनी एखाद्या इंजिनिअरने हे पेटंट चाळलं असतं, तर ही मार्कीबाई म्हणजे पडद्यावरची हेडी लमार हे त्याला कळायला काहीच मार्ग नव्हता.

प्रश्न टॉर्पेडोचा होता. सोडल्यावर पाण्याखालून सरळ जाणारा टॉर्पेडो, शत्रूचं जहाज वळलं की वाया जातो. त्याला रेडिओच्या लहरींनी दिशा देता आली तर नेम साधतो. पण लहर एकाच वारंवारतेवर असली की शत्रू ती हुडकून काढतो, त्याच वारंवारतेवर जोराचा गोंगाट सुरू करतो, आणि टॉर्पेडो बहिरा होतो. हेडीची कल्पना अशी की एका वारंवारतेवर थांबायचंच नाही. समजा, बातम्या वाचणारा निवेदक दर शब्दाला केंद्र बदलतो आहे: एक शब्द मुंबईवरून, दुसरा पुण्यावरून, तिसरा सांगलीवरून. ज्याच्याकडे केंद्रांचा क्रम आहे आणि जो त्याच लयीत सुई फिरवतो, त्याला सबंध बातमी ऐकू येईल. बाकीच्यांच्या कानी फक्त सुटे शब्द पडतील. पाठवणारा आणि घेणारा या दोघांनी एकाच वेळी, एकाच क्रमाने उड्या मारायच्या, हा सगळ्याचा गाभा.

हे घडवून आणायचं कसं, याचं उत्तर अँटाइलच्या हातात होतं. तो न्यू जर्सीचा, धंद्याने संगीतकार, तरुणपणी पॅरिसमध्ये खळबळ उडवून दिलेला. १९२६ साली तिथे सादर झालेल्या त्याच्या ‘बॅले मेकॅनिक’साठी त्याला सोळा पियानोला एकाच ठेक्यात वाजवायचे होते. पियानोला म्हणजे भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारा पियानो. सोळांचा मेळ काही जमला नाही. एक पियानोला आणि बाकी हाताने वाजवायचे पियानो घेऊन वेळ मारून न्यावी लागली. दोन यंत्रं एकमेकांशी चिकटून चालवणं किती अवघड, याचा धडा असा त्याने रंगमंचावर घेतलेला होता. पेटंटमध्ये विमानातल्या किंवा जहाजावरच्या प्रक्षेपकात एक गुंडाळी आणि टॉर्पेडोत तिची हुबेहूब जोड आहे. टॉर्पेडो सुटताक्षणी दोन्हीकडची अडकण एकदम निघते आणि गुंडाळ्या सारख्या वेगाने फिरू लागतात. कागदावर ८८ ओळींची सोय, पियानोच्या पट्ट्यांइतकीच, म्हणजे ८८ वारंवारता वापरता येतील. आकृतीत मात्र प्रक्षेपकाकडे सात दाखवल्या आहेत आणि टॉर्पेडोकडे फक्त चार. उरलेल्या तीन कशासाठी? शत्रूला हूल देण्यासाठी. त्या तीनांवरून खोटे हुकूम सोडायचे. ऐकणारा त्यांच्यामागे धावेल आणि टॉर्पेडोला ते ऐकूच येणार नाहीत. ही चलाखी मला सगळ्या पेटंटमध्ये सर्वांत जास्त आवडते. हे एखाद्या गोष्टीशी खेळून पाहणाऱ्या डोक्याचं काम आहे. विजेच्या जोडण्यांसाठी कॅलटेकचे प्राध्यापक सॅम्युअल मॅकिओन यांची मदत घेतली होती, तीही उघडपणे.

हेडविग किस्लर ९ नोव्हेंबर १९१४ रोजी व्हिएन्नात जन्मली. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आई पियानो वाजवणारी. बापलेक फिरायला निघाले की ट्राम कशी चालते, छापखान्याचं यंत्र कसं फिरतं, हे वडील तिला समजावून सांगत. पाचव्या वर्षी तिने वाजणारी पेटी उकलून परत जोडली होती, असं ती पुढे सांगायची. शिक्षण मात्र अर्ध्यावर सुटलं, कारण सिनेमाचं वेड. अठराव्या वर्षी ‘एक्स्टसी’ या चेक चित्रपटात ती विवस्त्र दिसली आणि तो शिक्का जन्मभर पुसला गेला नाही. १९३३ मध्ये फ्रिट्झ मांडल या शस्त्रांच्या कारखानदाराशी लग्न झालं. नवऱ्याच्या मेजवान्यांना सेनाधिकारी आणि शस्त्रांचे दलाल यायचे. ही शोभेची वस्तू म्हणून टेबलाशी बसायची आणि कान उघडे ठेवायची. १९३७ साली ती निसटली, लंडनला मेट्रो गोल्डविन मेयरच्या लुई मेयरला भेटली, आणि अमेरिकेला जाणाऱ्या बोटीवर आठवड्याला ५०० डॉलरचा करार पदरात पाडून घेतला. मेयरने तिची जाहिरात केली ती जगातली सर्वांत सुंदर स्त्री म्हणून. अमेरिकेतल्या पहिल्याच ‘अल्जिअर्स’ने १९३८ मध्ये तिला तारका केलं आणि तिथल्या मुली मधोमध भांग पाडू लागल्या.

सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन पाणबुडीने अटलांटिकमध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ बुडवली. लंडन-लिव्हरपूलवरच्या बॉम्बवर्षावापासून दूर कॅनडाला पाठवलेली ९० मुलं तिच्यावर होती; त्यांतली ७७ गेली. बोटीच्या खलाशांत हिंदी माणसांचा मोठा भरणा होता, त्यांतलेही कितीतरी बुडाले, पण ती दुर्घटना आठवताना त्यांची आठवण क्वचितच निघते. या बातमीने हेडी हादरली, असं तिचे चरित्रकार लिहितात. त्याच उन्हाळ्यात अँटाइलचा धाकटा भाऊ हेन्री बाल्टिक समुद्रावर सोविएत विमानांनी पाडलेल्या प्रवासी विमानात मारला गेला होता. दोघं भेटले ती वेळ अशी होती. पण त्यांच्या भेटीची गोष्ट म्हणून सांगितली जाते ती वेगळीच. अँटाइल मासिकांत ग्रंथींविषयी लिहायचा, आणि हेडीला म्हणे आपली छाती मोठी करता येईल का, हे त्याला विचारायचं होतं. निघताना तिने त्याच्या गाडीच्या काचेवर लिपस्टिकने फोन नंबर लिहिला. अँटाइलने स्वतःच आत्मचरित्रात हे रंगवून लिहिलं आहे, त्यामुळे खोटं म्हणता येत नाही. तरी प्रत्येक लेखाची सुरुवात इथूनच का व्हावी? त्यानंतर काय झालं, याचं तिने स्वतः केलेलं वर्णन साधं आहे: दिवाणखान्यातल्या गालिच्यावर बसायचं, चांदीची काडेपेटी मध्ये ठेवायची, आणि काड्या मांडून तारा कुठून कुठे जातील ते पाहायचं.

नौदलाने नकार दिला. यंत्रणा फार अवजड आहे, असं सांगितलं. अँटाइलचं म्हणणं, पियानोलाचा उल्लेख वाचूनच साहेब लोक बिथरले. टॉर्पेडोत अख्खा पियानो बसवायचा की काय, असं त्यांना वाटलं, वास्तविक सगळं घड्याळात मावेल इतकं लहान करता आलं असतं. मला इथे नौदलाची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. त्या वर्षांत अमेरिकी नौदलाच्या मार्क-१४ टॉर्पेडोची अवस्था इतकी वाईट होती की तो सांगितल्यापेक्षा खोल जायचा, वेळेआधी फुटायचा, नाहीतर जहाजाला धडकून न फुटता तसाच राहायचा. साधा टॉर्पेडो सरळ चालेना, तिथे रेडिओवर चालणारा कोण हाती घेणार? शिवाय रेडिओची लहर समुद्राच्या पाण्यात शिरत नाही, म्हणजे अँटेना पाण्यावर हवी. नकाराला तांत्रिक कारणं पुरेशी होती.

आणि अँटाइलचं काय? तो बुटका, गोलमटोल चेहऱ्याचा, कर्जबाजारी संगीतकार. त्यालाही छदाम मिळाला नाही, त्याचंही हसं झालं, १९५९ मध्ये तो वारला त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली. त्याच्या आड कुठलं सौंदर्य आलं होतं? दोघंही बाहेरचे होते, एवढं कारण दोघांना पुरून उरलं. ती तर १९५३ पर्यंत अमेरिकेची नागरिकसुद्धा नव्हती.

म्हणून सौंदर्याने नेमकं काय हिरावलं ते दोघांच्या हिशेबातल्या फरकात शोधायला हवं. फरक दोन जागी दिसतो. पहिला: ही कल्पना तिची असूच शकत नाही, नवऱ्याच्या जेवणाच्या टेबलावरून उचललेली असणार, असा संशय वर्षानुवर्षं घेतला गेला, आजही घेतला जातो. अँटाइलने ती कुठून उचलली, असं कुणी विचारत नाही. तो स्वतः तर मूळ कल्पना हेडीची, असंच शेवटपर्यंत सांगत राहिला. बरं, नवऱ्याकडे ऐकलेल्या गप्पांतून काही सुचलं असेल, तर त्यात चोरी कसली? प्रत्येक शोधक कुठेतरी काहीतरी ऐकूनच सुरुवात करतो. इंजिनिअरने कारखान्यात ऐकलं तर तो अनुभव, बायकोने जेवताना ऐकलं तर ती चोरी.

दुसरा फरक अधिक सरळ आहे. वॉशिंग्टनला जाऊन शोधक मंडळात काम करण्याची तिची इच्छा होती. तिला सांगण्यात आलं की तुमचा चेहरा वापरून युद्धरोखे विका, देशाला त्याचा जास्त उपयोग होईल. तिने विकले, लाखो डॉलरचे विकले, रोखे घेणाऱ्याला चुंबन अशा कार्यक्रमांतही विकले. आणि ज्या वर्षी ऑगस्टमध्ये पेटंट मंजूर झालं त्याच वर्षी ‘व्हाइट कार्गो’त अंगाला तपकिरी रंग फासून आफ्रिकेतल्या मोहिनीचं काम केलं. अँटाइलला असं कुणी काही सुचवलं नाही. नकार दोघांना एकच मिळाला. नकारानंतर काय करावं, हे फक्त तिला सांगितलं गेलं.

प्रश्न मात्र खराच होता, हे युद्धाने लवकर दाखवून दिलं. पेटंट मंजूर झाल्याला वर्ष होतं न होतं तोच, ऑगस्ट-सप्टेंबर १९४३ मध्ये, जर्मनांनी विमानातून सोडून रेडिओने वळवायचे बॉम्ब वापरायला सुरुवात केली. त्यांतल्या फ्रिट्झ-एक्सने ९ सप्टेंबरला ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका बुडवली. प्रत्येक बॉम्ब ठरावीक १८ पट्ट्यांपैकी एका पट्टीवर चालायचा, उड्डाणात ती बदलता येत नसे. दोस्त राष्ट्रांनी त्या पट्ट्या शोधल्या, त्यांवर गोंगाट करणारी यंत्रं जहाजांवर बसवली, आणि हळूहळू हे बॉम्ब निकामी होत गेले. हेडीने ज्यावर डोकं चालवलं होतं ते दुखणं नेमकं हेच. औषध अमेरिकेच्या पेटंट कचेरीत पडून होतं आणि दुखणं जर्मनांना झालेलं, हे एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

आता वायफायकडे. वारंवारता बदलत राहण्याची कल्पना हेडीच्या आधीही होती. टेस्लाच्या १९०३ सालच्या पेटंटात दोन वारंवारता एकत्र वापरून व्यत्यय टाळण्याचा विचार आहे. विलेम ब्रुर्टजेस या डच माणसाला १९३२ साली उड्या मारणाऱ्या यंत्रणेचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. हेडी आणि अँटाइलचं स्वतःचं म्हणावं असं काम म्हणजे एका शस्त्राला वाट दाखवण्यासाठी दोन्ही टोकांचा मेळ बसवणारी, हूल देणारी, बांधता येईल अशी एक यंत्रणा. १९५० च्या दशकात नौदलाने एका कंत्राटदार कंपनीच्या इंजिनिअरच्या हाती हे पेटंट दिल्याची नोंद आहे. आजचं जीपीएस उड्या मारतच नाही. सगळे उपग्रह एकाच वारंवारतेवर वेगवेगळे संकेत पाठवतात. वायफायच्या १९९७ सालच्या पहिल्या मानकात उड्यांचा पर्याय होता खरा, पण आपल्या घरात जे चालतं त्यात तो नाही. ब्लूटूथ मात्र खरोखर उड्या मारतं: ७९ वाहिन्यांवर, सेकंदाला १६०० वेळा. संध्याकाळच्या विरार लोकलच्या एका डब्यात शंभर जणांच्या कानात बिनतारी इअरफोन असतात आणि कुणाचं गाणं दुसऱ्याच्या कानात शिरत नाही, त्यामागे ही युक्ती आहे. हेडीच्या पेटंटातून ती थेट उतरली असं मात्र नाही. चुलत नातं म्हणावं.

मग कोतेपणा कुणाचा, हे सगळं मोजून मापून सांगणाऱ्याचा, की तिच्या गळ्यात वायफाय अडकवणाऱ्यांचा? मला दुसऱ्यांचा वाटतो. शोधकाला आपण त्याच्या कागदावर मान देतो. ब्रुर्टजेसला कुणी वायफायचा जनक म्हणत नाही, पण त्याचं काम बारकाईने वाचणारे आहेत. हेडीला जननी म्हटलं जातं आणि काम वाचायचं राहून जातं, कारण नवल वाटतं ते कामाचं नव्हे, अशा चेहऱ्यामागे असं डोकं निघाल्याचं. या नवलात बेचाळीस-पंचेचाळीस सालचा तो जुना समज जसाच्या तसा शाबूत आहे. फरक एवढाच की तेव्हा त्याने माणसं हसायची, आता टाळ्या वाजवतात.

दिसण्याची ही पट्टी उलट्या बाजूनेही मारते. डीएनएची रचना उलगडण्यात रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांचा मोठा वाटा होता. पण १९६८ साली जेम्स वॉटसन यांनी त्या शोधावर पुस्तक लिहिलं तेव्हा फ्रँकलिन लिपस्टिक लावत नाहीत, कपड्यांकडे लक्ष देत नाहीत, हे नोंदवायला ते विसरले नाहीत. एकीने काचेवर लिपस्टिक वापरली म्हणून लक्षात राहिली, दुसरीने ओठांना लावली नाही म्हणून. आणि आपण तरी फार लांब आहोत असं नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यातल्या देखण्या स्त्रियांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं सजवली ती वर्षानुवर्षं. आतल्या वैचारिक लेखांच्या अनुक्रमणिकेत स्त्रियांची नावं शोधायची तर जुने अंक काढून बसावं लागेल.

हेडीला बळी म्हणून उभं करणंही मला पटत नाही. चेहरा हे तिचं भांडवल होतं, त्यावर ती राहिली, त्यावरून भांडली, उतारवयात तो टिकवण्यासाठी शस्त्रक्रियांच्या मागे लागली आणि त्या बिघडल्यावर माणसांत येणं सोडून फोनवर बोलत राहिली. मोहक दिसायला काही लागत नाही, गप्प उभं राहून मठ्ठ चेहरा करायचा, अशा अर्थाचं तिचं म्हणून एक वाक्य फार प्रसिद्ध आहे. ते खरंच तिचं असेल तर आपल्या धंद्याची तिला नेमकी किंमत कळली होती. १९ जानेवारी २००० रोजी ती गेली. शोधकांच्या राष्ट्रीय दालनात तिचं आणि अँटाइलचं नाव लागलं ते २०१४ मध्ये.

तिला तिच्या शोधाबद्दल सविस्तर विचारलं गेलं ते फोर्ब्स मासिकासाठी, १९९० साली, म्हणजे पेटंटनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. त्या मुलाखतीच्या ध्वनिफिती पुढे सापडल्या आणि २०१७ च्या ‘बॉम्बशेल’ या माहितीपटात वापरल्या गेल्या. तीत ती विमाननिर्माता हॉवर्ड ह्यूजेसच्या विमानांबद्दल बोलते. त्यांचे पंख फार चौकोनी वाटले म्हणून माशांची आणि पक्ष्यांची पुस्तकं आणली, सर्वांत वेगवान मासा आणि सर्वांत वेगवान पक्षी निवडून दोन्हींचे आकार एकत्र केले आणि चित्र काढून त्याला दाखवलं. सैनिकांसाठी पाण्यात टाकली की कोला तयार होईल अशी वडी करायचा खटाटोपही तिने केला होता. ह्यूजेसने त्यासाठी रसायनतज्ज्ञ दिले. वडी फसली. ती हसत हसत कबूल करते की चव भलतीच लागायची, आणि लगेच का फसली ते सांगू लागते: प्रत्येक राज्यातलं पाणी वेगळं असतं, हे आपण आधी धरलंच नव्हतं.